कॉलेजचं पहिलं वर्ष, स्वयंपाकघरात

सौदीत, हुफूफच्या घरात राहायला गेल्यावर बाबांनी पहिलं काम केलं ते स्वयंपाकघराचं दार काढायचं. बिजागऱ्या खोलून त्यांनी ते गच्चीवर नेऊन भिंतीला टेकवून ठेवलं. आमचे घरमालक म्हणजे एक वयस्कर अरब गृहस्थ. भाडं न्यायला आले की त्या रिकाम्या चौकटीकडे बघून हसायचे आणि बाबांना काहीतरी म्हणायचे, ते बाबांना अर्धंच कळायचं. तिथल्या घरांत स्वयंपाकघर आत, बायकांच्या बाजूला, बंद असतं. बाबांना मात्र प्लांटवरून आल्यावर खुर्चीत बसल्या बसल्या आई दिसायला हवी असे. कुकरची शिट्टी, खलबत्त्यात लसूण ठेचल्याचा आवाज, फोडणी चुकली की आईचं स्वतःशीच पुटपुटणं, हे सगळं कानावर घेत ते पेपर वाचत. मी तिसरी-चौथीत जाईपर्यंत ते सौदीत एकटेच होते, कंपनीच्या कॅम्पात, एका खोलीत चौघे. आम्ही नाशिकला. ते वर्षातून एकदा यायचे, अत्तराच्या वासाची बॅग घेऊन, आणि मी आईच्या मागे लपायची. मग फॅमिली व्हिसा झाला आणि आम्ही दोघी आलो. कॅम्पाबद्दल ते कधी काही बोलले नाहीत. मसुरीची आमटी मात्र घरात करायची नाही, एवढं त्यांनी आईला सांगून ठेवलं होतं.

हुफूफ म्हणजे खजुराच्या बागांनी वेढलेलं गाव. बाकी सौदी अरेबिया डोळ्यांसमोर आणायला सांगितलं की लोक वाळू आणतात. मला हिरवा रंग आठवतो, धुळीनं थोडा मळलेला. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही जुन्या बाजारात जायचो. अजान झाली की दुकानांची शटरं खाली यायची, आम्ही बाहेर कठड्यावर बसून राहायचो, आणि नमाज झाल्यावर बाबा खजूर घ्यायचे. तिथल्या सगळ्यात चांगल्या खजुराचं नाव खलास. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आई घाबरली होती, दुकान बंद झालं की काय म्हणून. त्या भागात लाल तांदूळ पिकतो, तो शिजायला खूप वेळ लागतो. आईनं त्याची खिचडी करून बघितली, मग पेज, आणि शेवटी घावन केले तेव्हा कुठे तो तिच्या हाताला वळला. ज्वारीचं पीठ नाशिकहून यायचं, बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये, त्यामुळे माझ्या युनिफॉर्मलाही ते लागलेलं असायचं. आणि दिवसभर एसीची घरघर. ती इतकी अंगवळणी पडलेली की वीज गेली म्हणजे शांततेनंच दचकायला व्हायचं.

आई लग्नाआधी नाशिकच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. लग्नानंतरही, मी पाळण्यात असताना, आजोळी मला ठेवून ती शाळेत जायची. सौदीत आल्यावर तिच्या इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, गृहिणी असा शिक्का होता आणि तिला कुठलीच नोकरी करता येत नव्हती. तिची तक्रार नव्हती, म्हणजे मी ऐकलेली नव्हती. पण वाण्याच्या दुकानात दुकानदारानं बेरीज करायच्या आत ती आकडा सांगून मोकळी व्हायची, आणि त्यानं मान हलवून तोच आकडा सांगितला की बाहेर येईपर्यंत तिचा चेहरा वेगळाच असायचा.

आमच्याकडच्या बहुतेक घरांत मुलांची दहावी झाली की आई आणि मुलं भारतात परत जायची. अकरावी-बारावी, क्लास, प्रवेश परीक्षा हे सगळं तिकडे चांगलं होतं असं सगळे म्हणायचे. आमचंही ठरलं होतं. आईच्या जुन्या मुख्याध्यापिकांनी तिला फोन करून सांगितलं होतं की गणिताची एक जागा जूनमध्ये रिकामी होते आहे, येत असलीस तर धरून ठेवते. कपाटावरच्या बॅगा खाली आल्या होत्या. आई भांडी वर्तमानपत्रात गुंडाळायला लागली होती आणि कामात गुणगुणायला लागली होती. बाबा त्या दिवसांत फार कमी बोलायचे. आम्ही गेल्यावर कंपनी फ्लॅट काढून घेणार आणि ते परत कॅम्पात जाणार, हे मला माहीत होतं, पण सोळाव्या वर्षी अशा माहितीचं काही वजन वाटत नाही.

मग एकदा जेवताना ते म्हणाले, "वृंदानं बारावी इथेच केली तर?"

आईनं ताटातून मान वर केली नाही. "कशाला?"

"अमेरिकेत एक पद्धत आहे," बाबा म्हणाले. "शाळेत असतानाच मुलं कॉलेजच्या पातळीचे विषय करतात. त्याची परीक्षा असते. चांगले गुण पडले तर कॉलेज ते विषय झाले असं धरतं, क्रेडिट देतं. असे तीन-चार विषय केले की पहिलं वर्ष जवळजवळ शाळेतच उरकतं. खोबर शहरातल्या अमेरिकन शाळेत बाहेरच्या मुलांनाही परीक्षेला बसू देतात. मी चौकशी केली आहे."

"अमेरिकेत?" मी विचारलं. माझा घास हातातच राहिला होता.

"का नाही? प्लांटवरच्या लोकांची मुलं जातातच की. तू गणितात त्यांच्या किती पुढे आहेस."

आई म्हणाली, "आणि हे शिकवणार कोण? आपल्या शाळेत तर हे नाही."

"तू," बाबा म्हणाले.

आईचा हात भातातच थांबला. मी तिच्याकडे बघत होते आणि मला ती क्षणभर ओळखू आली नाही; अगदी तरुण दिसली. आज वाटतं, बाबांनी त्या एका शब्दावर किती दिवस विचार केला असेल. कदाचित केलाही नसेल. कदाचित तो त्यांच्या तोंडून तसाच आला असेल. पुढच्या आठवड्यात बॅगा पुन्हा कपाटावर गेल्या आणि आईनं मुख्याध्यापिकांना फोन करून नाही म्हणून सांगितलं. फोन ठेवल्यावर ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली, मग मला म्हणाली, "वही आण. त्रिकोणमितीपासून बघू, किती पाण्यात आहेस."

ती दोन वर्षं मी शाळेतला अभ्यास बसमध्ये आणि दुसरा अभ्यास स्वयंपाकघरात केला. शाळेतून आले की टेबलाच्या अर्ध्या भागात भाजी आणि अर्ध्या भागात आमच्या वह्या. पुस्तकं जाडजूड, अमेरिकेची, बाबांनी खोबरमधून कोणाकडून तरी जुनी आणलेली. त्यांच्या समासात कुठल्यातरी मुलानं फुटबॉलपटू काढून ठेवले होते. आई ते इंग्रजी वाचायची आणि मराठीत शिकवायची. फलन, अवकलन, संकलन. माझ्या शाळेत हे शब्द कोणाला कळले नसते, पण मला गणित आजही त्याच शब्दांत सुचतं. वक्ररेषा फिरवून घनफळ काढायचं प्रकरण आलं तेव्हा माझ्या डोक्यात काही शिरेना. आईनं मांडणीवरचा तांब्या घेतला आणि टेबलावर आडवा ठेवला. म्हणाली, "ही बाजूची रेषा बघ. हिला मध्ये अक्ष धरून गरगर फिरवलं की तांब्या होतो. आता काकडीसारख्या ह्याच्या चकत्या कर. किती पातळ करशील?"

"खूप पातळ."

"अजून पातळ कर. आता सगळ्या चकत्यांची बेरीज घे."

मी पट्टीनं तांब्याची मापं घेतली, रेषेचं समीकरण जमवलं, दोन पानं भरली. उत्तर आलं तेव्हा आईनं तांब्या भरला आणि मापाच्या पेल्यानं पाणी मोजलं. एका घोटाचा फरक पडला. "तो तांब्याच्या पोच्यामुळे," ती म्हणाली, आणि ते पाणी आम्ही दोघींनी पिऊन टाकलं. बाबा खुर्चीत बसून लसूण सोलत होते आणि हसत होते. प्लांटवरून आले की ते हल्ली पेपर वाचेनासे झाले होते. आमच्यासाठी लसूण सोल, मटार सोल, पेन्सिलींना टोक कर, असलं काहीतरी हातात घेऊन त्या मोकळ्या चौकटीशी बसायचे. सुखी माणूस कसा दिसतो असं कोणी मला विचारलं तर मी अजूनही तो लसूण सोलणारा माणूसच सांगेन, आणि ह्याचाच मला पुढे सगळ्यात जास्त राग आला.

बारावीच्या वर्षात, दिवाळीच्या आसपास, कॉलेजांना अर्ज करायची वेळ आली. अर्जासोबत स्वतःबद्दल एक निबंध लागतो, असं बाबांनी सांगितलं. मी आईच्या शिकवण्यावर लिहिला. पाच-सहा वेळा खोडून लिहिला. बाबांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "आता ह्याला हात लावू नकोस." घरचं इंटरनेट फार हळू होतं, एक पान उघडेपर्यंत चहा होऊन जायचा, म्हणून अर्जाचं सगळं ते ऑफिसातून करणार होते. दोन-चार दिवसांनी मी विचारलं, तर म्हणाले, "पाठवला."

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. मी विचारायची. "तुझ्या परीक्षेचे गुण आल्याशिवाय ते काही कळवत नाहीत," बाबा म्हणायचे. आता कोणी म्हणेल, एवढी हुशार मुलगी, तिला साधी शंका आली नाही? नाही आली. वडील सांगतात ते पडताळून बघायचं असतं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

मे महिन्यात परीक्षा झाल्या. प्रत्येक पेपरला बाबा रजा टाकून आम्हा दोघींना खोबरला घेऊन जायचे. पहाटेच निघायचं, दोन्ही बाजूंना वाळू, मध्येच एखादा उंटांचा कळप, आणि मागच्या सीटवर अबाया गुंडाळून मी सूत्रं म्हणत असायची. अमेरिकन शाळेत हिरवळ होती, खरी, पाणी घालून वाढवलेली. आत पाय ठेवला की वाटायचं, आपण अर्ध्या रस्त्यात पोचलो. शेवटचा पेपर गणिताचा होता आणि त्यात घनफळाचा प्रश्न आला. मी मनात काकडी चिरली आणि तो सोडवला. बाहेर आले तेव्हा आई फाटकापाशी उन्हात उभी होती. "आला?" तिनं विचारलं. "आला," मी म्हटलं. तिनं माझा हात हातात घेतला आणि गाडीपर्यंत सोडला नाही.

त्या दिवशी जेवण देवधर काकांकडे होतं. काका बाबांचे कॅम्पातले सोबती. आता तेही काकूंना घेऊन खोबरला राहत होते. काकूंनी डबाबंद आमरस काढला होता, पुऱ्या तळल्या होत्या, बटाट्याची भाजी होती. मी भुकेली होते आणि हलकी झाले होते. काकांनी मला पेपर कसा गेला विचारलं, मी सांगितलं. मग ते बाबांकडे वळून म्हणाले, "चला, सुटलास तू. आता थेट पुणं. सीट वेळेवर पक्की करून ठेवलीस ते बरं केलंस. नाहीतर एनआरआय कोट्यातली गर्दी काय असते, बघतोय ना."

मला वाटलं, ते दुसऱ्या कोणाबद्दल बोलताहेत.

"कोणाची सीट, काका?" मी विचारलं.

"तुझी. आणखी कोणाची?" काका हसले. "तुझी दहावी झाली तेव्हाच म्हणाला होता हा मला, वृंदाला बारावीनंतर पुण्यालाच घालायचं. ह्या अमेरिकन परीक्षा म्हणजे सराव चांगला झाला बघ. तुला पहिलं वर्ष सोपं जाईल तिकडे."

बाबा पुरीचा तुकडा मोडत होते. मोडला आणि ताटातच ठेवला. काकूंना काहीतरी कळलं असावं, त्या आमरसाचं भांडं घेऊन उगाच आत गेल्या. मी आईकडे बघितलं. तिनं माझ्या ताटात एक पुरी वाढली आणि नजर खालीच ठेवली. मला वाटलं, तीही माझ्याइतकीच हादरली आहे.

गाडीत खोबर मागे पडल्यावर मी विचारलं, "माझा निबंध?"

बाबा समोर बघत गाडी चालवत होते. "पाठवला नाही."

"तुम्ही पाठवला म्हणालात."

"हो."

"अर्ज?"

"तिकडची फी मला झेपण्यासारखी नव्हती, वृंदा. कधीच नव्हती."

"मग हे सगळं कशाला?"

"शिकलेलं वाया जात नाही," ते म्हणाले. "पुण्यात तू सगळ्यांच्या पुढे राहशील." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "तुझ्या भल्याचंच आहे." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पेट्रोल भरताना पंपावरच्या माणसाशी बोलतात तसा. मी ओरडले असते तर बरं झालं असतं असं आज वाटतं. मला ओरडता आलं नाही. मी खिडकीला डोकं टेकवलं, काच तापलेली होती, तरी तशीच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी बाबा कामावर गेले आणि मी आईपाशी गेले. खरं तर तिला धीर द्यायला गेले होते. तिनं माझ्यासाठी नाशिकची जागा सोडली होती, तिची माझ्याहून मोठी फसवणूक झाली होती, असं मी आदल्या दिवशी गाडीत सगळी वाट मनाशी म्हणत आले होते. ती गवारीच्या शिरा काढत बसली होती. मी म्हटलं, "आई, त्यांनी तुलाही फसवलं."

तिनं एक शेंग मोडली, दुसरी मोडली.

"तुला माहीत होतं?"

"दिवाळीपासून," ती म्हणाली. "अर्जाची फी भरली का म्हणून मी विचारलं होतं. तेव्हा त्यांनी सांगितलं सगळं. आपण दोघी गेलो असतो तर त्यांना परत कॅम्पात जावं लागलं असतं. ते त्यांना शक्य नव्हतं, वृंदा. तू तेव्हा त्यांना नीट बघितलं नाहीस. पहिल्यांदा सुट्टीवर आले होते तेव्हा घरातसुद्धा ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून जेवायचे."

"मग दिवाळीतच मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू पुस्तकं मिटली असतीस."

"हो. मिटली असती."

"म्हणून," आई म्हणाली. मग शेंगा बाजूला सारून तिनं माझ्याकडे बघितलं. "इतक्या वर्षांनी मला एक वर्ग मिळाला होता. एका मुलीचा का असेना. मला तो मे महिन्यापर्यंत न्यायचा होता."

बाबांवरचा माझा राग कुठे ठेवायचा ते मला कळत होतं. हा कुठे ठेवायचा ते कळेना. तांब्यातलं ते पाणी आम्ही प्यायलो ती दुपार दिवाळीच्या आधीची की नंतरची, हे मी आठवत राहिले. इतक्या वर्षांत ते मला नक्की आठवलेलं नाही, आणि तिला विचारायचा धीर झाला नाही. आधीची असेल तर ती दुपार माझी आहे. नंतरची असेल तर ती तिची.

गुण जुलैत आले, पाचपैकी पाच, तिन्ही विषयांत. बाबांनी मिठाई आणली. मी खाल्ली नाही, आईनंही नाही; ती तशीच फ्रीजमध्ये राहिली आणि आम्ही पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी आईनं ती खालच्या रखवालदाराला दिली. पुण्याच्या कॉलेजात मी ते गुण छापून घेऊन विभागप्रमुखांकडे गेले. चांगला माणूस होता. कागद नीट वाचला, उलटून मागची कोरी बाजूही बघितली आणि म्हणाला, "छानच आहे हे. पण आपल्याकडे असं काही धरत नाहीत. बसा वर्गात, उजळणी होईल." मग वर्षभर मी शेवटच्या बाकावर बसून जे येत होतं तेच पुन्हा ऐकलं. सर फळ्यावर प्रश्न लिहायचे आणि माझ्या मनात त्याचं उत्तर आईच्या आवाजात यायचं, त्यामुळे मी खिडकीबाहेर बघायला शिकले. शुक्रवारी सौदीहून फोन यायचा. मी बरी आहे, जेवले, अभ्यास चालू आहे, एवढं सांगायची. बाबा पलीकडे थोडा वेळ फोन धरून ठेवायचे, मागून कुकरची शिट्टी ऐकू यायची, आणि मग म्हणायचे, "बरं, ठेवतो."

आई त्यांच्याबरोबर हुफूफलाच राहिली, ते निवृत्त होईपर्यंत. तिनं पुन्हा कोणाला शिकवलं नाही. नाशिकला परत आल्यावर इमारतीतल्या मुलांच्या आया विचारायच्या, ती नको म्हणायची. मी इंजिनिअर झाले, नोकऱ्या केल्या, घर झालं, मुलगा झाला. अमेरिकेला कामासाठी दोनदा जाऊन आले आणि तिथली कॉलेजं बाहेरून बघितली. फार काही वाटलं नाही, उशीर झाला होता. माझं आणि बाबांचं भांडण कधी झालंच नाही, त्यामुळे ते मिटलंही नाही. आई गेली तेव्हा आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलो होतो आणि आलेल्या माणसांना पाणी देत होतो. मला वाटायचं, कधीतरी ते मला चुकलं म्हणतील. मी माफ करीन की नाही ते पुढचं. त्यांनी निदान कारण तरी स्वतःच्या तोंडानं मला सांगावं, एवढंच मी धरून बसले होते.

मागच्या हिवाळ्यात मी नाशिकला त्यांच्याकडे होते. समोरच्या फ्लॅटमधले सोनवणे, बँकेतून निवृत्त झालेले, संध्याकाळी त्यांच्याशी गप्पा मारायला येतात. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा बाबा माझ्याबद्दलच सांगत होते. "हिनं अमेरिकेच्या कॉलेजचं पहिलं वर्ष शाळेत असतानाच करून टाकलं होतं. हुफूफमध्ये बसून. तिन्ही विषयांत पैकीच्या पैकी." त्यांचा आवाज अभिमानानं भरलेला होता. हे ते लोकांना सांगतात हे मला माहीत नव्हतं.

"अरे वा," सोनवणे म्हणाले. "मग पुढे तिकडेच का नाही गेल्या?"

बाबा माझ्याकडे बघत होते. मी कप खाली ठेवला. "बाबांनी अर्ज पाठवला नव्हता," मी म्हणाले.

सोनवणे जरा गोंधळले आणि बाबांकडे वळले. बाबांनी मान डोलावली, जणू मी त्यांचीच गोष्ट पुढे सांगितली होती. बशीत थोडा चहा ओतला, फुंकर घातली आणि त्यांना म्हणाले, "पुन्हा एकटं राहायची ताकद नव्हती हो माझ्यात. फार भ्यायलो होतो मी. पोरीचं वर्ष खाल्लं."

मी तिथेच, त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर, ट्रे धरून उभी होते. ते सोनवण्यांना सांगत होते.